परत येणारा मेलबॉक्स

आमच्या रस्त्यावर संध्याकाळी दोनच आवाज असायचे. एक समोरच्या कुरणातल्या घोड्यांच्या फुरफुरण्याचा, आणि दुसरा बाबांच्या गाडीची चाकं आमच्या खडीच्या ड्राइव्हवेत वळल्याचा. बाबा इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये कामाला होते. दिवसभर पंख्यांच्या घरघरीत काढल्यामुळे घरी आल्यावरही त्यांचे कान थोडा वेळ तिथेच राहिलेले असायचे, आणि ते आमच्याशी ओरडून बोलायचे. "मितू, टपाल आणलं का?" हे ते असं विचारायचे की घोडेसुद्धा मान वर करत असतील. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हळू बोला ना बाप्पा, पोरगी बहिरी नाही." तिच्या पातेल्यात हिवाळाभर सोलेभात असायचा. सोले म्हणजे तुरीच्या शेंगांतले कोवळे हिरवे दाणे. नागपुरात आजोबांच्या अंगणात बसून आम्ही शेंगा सोलायचो. इथे ते अ‍ॅशबर्नच्या देशी दुकानात गोठवलेल्या पाकिटात मिळायचे, आणि आई शनिवारी त्यांची थप्पी आणून फ्रीजरमध्ये रचायची. लसणाची फोडणी बसली की वास जिन्यावरून माझ्या खोलीत यायचा आणि मी गृहपाठ सोडून खाली उतरायचे. आठवणी लिहायचं माझं वय नाही असं आई म्हणते. म्हातारी झाल्यावर लिही, तोवर राग निवेल, म्हणते. पण मला हे राग निवायच्या आतच लिहून ठेवायचं आहे.

आपली माणसं अ‍ॅशबर्नमध्ये, दुकानं तिथे, रविवारची बुद्धवंदना तिथल्याच एका हॉलमध्ये. आम्ही मात्र तिथून पश्चिमेला, जिथे फूटपाथ संपतात आणि कुंपणं सुरू होतात तिथे घर घेतलं, कारण बाबांना जमीन हवी होती. आमच्या घराण्यात कोणाच्याच नावावर कधी जमीन नव्हती. इथे घराच्या मागे सीडरची झाडं, पुढे सीडरची झाडं, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला आमचं घर दिसतच नसे. दिसायचा तो फक्त ड्राइव्हवेच्या तोंडाशी, लाकडी खांबावर बसवलेला मेलबॉक्स. टपालवाली गाडीतूनच हात बाहेर काढून त्यात टपाल टाकते, म्हणून तो अगदी रस्त्याकडेला असावा लागतो. बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून चिकटवायची इंग्रजी अक्षरं आणली आणि एका रविवारी, पट्टी लावून, जीभ दातांत धरून, बॉक्सच्या दोन्ही बाजूंना आमचं आडनाव चिकटवलं. गजभिये. नंतर ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून बघत उभे राहिले.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि ते का बघतायत ते मला कळत होतं. आम्ही इकडे येण्याआधी पुण्यात राहायचो. तिथे घर भाड्याने शोधताना फोनवर सगळं ठरायचं, आणि शेवटी समोरचा माणूस गोड आवाजात विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" बाबा सांगायचे. मग ते घर नेमकं कालच दुसऱ्या कोणाला दिलेलं असायचं. शेवटी जे घर मिळालं त्याच्या दारावर बाबांनी फक्त आद्याक्षरं लावली, एस. जी. माझ्या इंग्रजी शाळेत मुली पहिल्याच दिवशी विचारायच्या, "फुल नेम?" आणि मी पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावायचे. न बोलण्याची सवय मला तिथे लागली. ती मी इकडे सोबत आणली, पण बाबांनी मात्र त्यांची ती आद्याक्षरं तिकडेच सोडली होती.

तिसरा आवाज हिवाळ्यात आला. आई भात वाढत होती, आणि बाहेर ठण्ण झालं. "कोठी पडली का कोणाची?" आई म्हणाली, जणू आम्ही अजून नागपुरातच होतो. बाबा टॉर्च घेऊन गेले. बॉक्स चेपून रस्त्यात पडला होता, खांब कलला होता. दुसऱ्या दिवशी टपालवाली, मिस डॉटी, गाडी थांबवून म्हणाली, "पोरं असतात, हनी. पिकअप ट्रकच्या खिडकीतून बाहेर लोंबकळतात आणि बेसबॉलच्या बॅटने बॉक्स उडवत जातात. आख्ख्या रस्त्याचे गेलेत." हे ऐकून बाबांचा चेहरा चक्क खुलला. जेवताना ते आईला सांगत होते, "अगं, सगळ्यांचेच फोडले. आडनाव बघून नाही!" इतक्या आनंदाने आपल्या वस्तूची मोडतोड सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी नवा बॉक्स आणला, नवी अक्षरं आणली, आणि पुन्हा पलीकडे जाऊन बघून आले.

दुसऱ्या वेळी मी तिथेच होते. टपाल आणायला गेले होते, आणि ट्रकचा आवाज ऐकून सवयीने सीडरच्या मागे सरकले. पांढरा ट्रक, बाजूवर मोठ्या लाल अक्षरांत 'व्हिटफील्ड अँड सन्स' आणि खाली कुंपणं बांधून मिळतील वगैरे. तो थांबला. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला मुलगा खाली उतरला. कोल व्हिटफील्ड. शाळेत वर्कशॉपच्या तासाला माझ्या मागच्या टेबलावर बसायचा आणि माझी स्टीलची पट्टी मागून घ्यायचा, प्रत्येक वेळी 'प्लीज' म्हणून. त्याने आमचं नाव वाचायचा प्रयत्न केला. "गॅज... गॅजबाय... गॅज व्हॉटएव्हर!" ट्रक चालवणारा त्याचा मित्र स्टिअरिंगवर हात आपटून हसत होता. मग कोलने खिशातून किल्ली काढली आणि एकेक अक्षर खरवडून काढलं. घाई नव्हती त्याला. शेवटी मागे सरकून बॅट घेतली आणि ठण्ण. मी झाडाच्या मागे, हातात टपाल, तोंडातून चकार शब्द नाही. त्या दिवशी रस्त्यावरचा बाकी एकही बॉक्स फुटला नव्हता.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की पुन्हा फोडला. पण खरवडलेला पत्रा बाबांनीही पाहिला. त्या रात्री जेवताना ते अजिबात ओरडून बोलले नाहीत. पोळीचा तुकडा ताटात फिरवत म्हणाले, "नवीन बॉक्सवर फक्त घराचा नंबर टाकू. टपाल नंबरवर पण येतेच."

आई म्हणाली, "काहून? नाव काहून नाही?"

"उगाच कोणाच्या डोळ्यात कशाला."

एस. जी. विमानात बसून, इतका समुद्र ओलांडून, आमच्या मागोमाग आला होता. मला रडू आलं नाही. राग आला, आणि मला बरं वाटलं, कारण इतकी वर्षं त्या जागी नुसती भीती असायची. मी म्हटलं, "बाबा, एकदा मी करते. माझा फुटला तर मग नंबर टाका."

"तू? काय करशील?"

"खांब."

वर्कशॉपच्या तासाला त्या सत्रात आम्हाला घरासाठी एक वस्तू डिझाइन करायची होतीच. बाकी मुली दागिन्यांचे डबे करत होत्या. मी कागदावर लोखंडी पाईप काढला, त्यात काँक्रीट ओतलं, बॉक्सच्या आत आणखी एक बॉक्स आणि मधल्या जागेत पुन्हा काँक्रीट. बॅट त्यावर बसली की मनगटाचं काय होईल याचा विचार मी शाळेच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून करायचे. त्यातलं हाड मोडल्याचा आवाजही मला ऐकू यायचा, आणि मी ते थांबवायचा काही प्रयत्न केला नाही. आमचे शिक्षक मिस्टर डोरन यांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि पेन्सिलने त्यावर फुली मारली. "बर्फात गाडी घसरली आणि यावर येऊन आदळली, तर आत कोण बसलंय हे तुला निवडता येणार नाही. घरी गाडी कोण शिकतंय?" मी म्हटलं, आई. "मग खांब लाकडाचाच. आणि गाडी लागली तर मोडणारा."

"मोडणारा असेल तर मजबूत कसा?"

"ते तू शोध," ते म्हणाले, आणि कोणाची तरी करवत अडकली होती तिकडे गेले.

आज मी पोटासाठी हेच करते. रस्त्याकडेच्या पाट्यांचे खांब, जे उभे राहायचे तेव्हा उभे राहतात आणि मोडायचे तेव्हा मोडतात. ऑफिसातली नवी मुलं पहिल्या दिवशी तेच काँक्रीट काढून आणतात. मीही पेन्सिलने फुली मारते, पण कोणावर राग आहे, हे मनातल्या मनात विचारते.

उत्तर मला घरी, फ्रीजरचं दार पायाने ढकलताना सापडलं. ते झुलून परत आलं आणि मला नागपूरच्या क्वार्टरचं फाटक आठवलं. आजोबांच्या रेल्वे क्वार्टरला एक लोखंडी फाटक होतं, त्याचा खांब एका बाजूला कललेला. त्यामुळे ते कधी उघडं राहायचंच नाही. हळू ढकललं तर हळू परत यायचं. लाथ मारून उघडलं तर परत येऊन टाचेवर असं बसायचं की पाहुण्यांच्या तोंडून आजोबांसमोर नको ते निघायचं. आम्हा घरच्यांना ते कधीच लागलं नाही. मी आतापर्यंत मजबूत म्हणजे न हलणारं असं धरून चालले होते. न हलणारं तेच तर फोडता येतं.

मग मी कागदावर नवा खांब काढला. साधा लाकडी खांब, रस्त्यापासून चांगला मागे. त्याच्या डोक्यावर एक लोखंडी नळी, तिच्यावर बसणारी दुसरी नळी, आणि तिच्यावर तराजूच्या दांडीसारखा आडवा हात. हाताच्या रस्त्याकडच्या टोकाला मेलबॉक्स, मागच्या टोकाला त्याच्याहून जरासा हलका एक डबा. नळी रस्त्याच्या बाजूला थोडी कललेली, म्हणून काहीही झालं तरी बॉक्स फिरून आपल्या जागी येणार. हलका धक्का बसला तर जरासा हलून थांबणार. जोरात मारलं तर आख्खा हात गरकन फिरणार, आणि मागचा डबा पुढे रस्त्याकडे येणार. मिस्टर डोरननी मागची बाजू मोजायला लावली. ती रस्त्यापर्यंत पोचून कोणाला लागता कामा नये. मी ती कापली. "डब्यात काय भरणार?" "खडी," मी म्हटलं.

नळीला भोक पाडताना दुसऱ्या कोणालातरी ती धरावी लागते. त्या दिवशी माझ्या मागच्या टेबलावरूनच कोणीतरी आलं.

"काय करतेयस?" कोलने विचारलं.

"मेलबॉक्सचा खांब."

त्याने कागदावरचं चित्र पाहिलं. मग नळी धरली. चांगली घट्ट धरली, वडिलांकडे कुंपणं बांधायला शिकलेला हात होता तो. मी ड्रिल चालवत होते आणि लोखंडाचा कीस त्याच्या बुटांवर पडत होता.

"वाकडी बसवतेयस तू," तो म्हणाला.

"मुद्दाम."

"का?"

मी मान वर केली नाही. "परत येण्यासाठी."

खांब आम्ही शनिवारी रोवला. बाबांनी खड्डा खणला, मी ओळंबा धरला, आणि आईने परीक्षा घेतली. तिला नुकतं गाडी चालवायचं शिकाऊ परमिट मिळालं होतं, पण ती टपालवालीच्या जागेवर, म्हणजे उजव्या सीटवर बसली आणि बाबांना तिने गाडी बॉक्सपाशी घ्यायला लावली. "आता मी डॉटी," असं म्हणून तिने हात बाहेर काढला, बॉक्सचं झाकण उघडलं, रिकामं पाकीट टाकलं, झाकण लावलं. बॉक्स थोडासा मागे गेला आणि परत आला. तिने पुन्हा ढकलला. पुन्हा आला. "अगं बाई, हे तर फाटक आहे आपलं!" आई गाडीतच हसत सुटली. बाबांनी नवी अक्षरं लावली, पण या वेळी ते पलीकडे जाऊन उभे राहिले नाहीत.

मागच्या डब्यातली खडी मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. गॅरेजमध्ये ऑइल पेंटचा डबा होता. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलमधल्या स्टेजच्या फळ्या रंगवायचं काम आमच्या घराकडे असायचं, त्यातला उरलेला. निळा. आमच्याकडे तो रंग कोणता ते सांगावं लागत नाही. मी तो माझ्या डब्यात वजन जुळेल इतका ओतला, झाकण बाहेरच्या अंगाला येईल असा डबा आडवा बसवला, झाकण नुसतं टेकवलं आणि त्याची कड वंदनेच्या उरलेल्या मेणबत्तीच्या मेणाने बंद केली. हळू हलला तर मेण धरणार. गरकन फिरला तर नाही. कोणाचं मनगट मोडायचं नाही, हे मिस्टर डोरनचं मी ऐकलं होतं. बाकी त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं.

नंतरचे कितीतरी दिवस मी टपाल आणायला गेले की डब्याकडे न बघता परत यायचे. मिस डॉटी खूश होती. म्हणाली, बर्फ सारणारा ट्रक घासून गेला तरी हा आपला जागेवर. मग एका शनिवारी दिवेलागणीला, आई ताटात सोलेभात वाढून वर तेल सोडत होती तेव्हा, बाहेर आवाज झाला. ठण्ण नव्हतं ते. एक दणका, मग काहीतरी भिरभिरल्यासारखं, मग ब्रेक, मग कोणीतरी किंचाळून दिलेली शिवी. बाबा उठले. मी नाही उठले. मी भात खाल्ला. लसूण मस्त करपला होता, अजून ती चव जिभेवर आहे. "तू काही केलं का?" आईने विचारलं. मी आणखी भात मागितला.

बाबा गेले तेव्हा खांबावरचा आडवा हात अजून हळूहळू फिरत होता म्हणे, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत येऊन जागेवर थांबला. बॉक्सला पोचा आला होता. नाव जसंच्या तसं रस्त्याकडे तोंड करून होतं. आणि खाली डांबरावर निळ्या थेंबांची रांग पार वळणापर्यंत गेली होती.

सोमवारी शाळेच्या पार्किंगमध्ये सगळी मुलं एका ट्रकभोवती जमली होती. दारापासून शेपटापर्यंत निळा पट्टा, रेघांनी खाली ओघळलेला, आणि रॉकेलने पुसायचा प्रयत्न केल्यामुळे आणखी पसरलेला. 'व्हिटफील्ड' वाचता येत नव्हतं. कोलची नखं निळी होती, कानामागेही निळं होतं. तासाला त्याने पट्टी मागितली नाही. मिस्टर डोरन खिडकीतून पार्किंगकडे बघत होते. "मागच्या डब्यात खडी होती ना?" त्यांनी विचारलं. "होती," मी म्हटलं. "होती," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या कागदावर ए मायनस लिहिलं.

त्याच संध्याकाळी तो ट्रक आमच्या ड्राइव्हवेत वळला. कोलचे वडील उतरले, मागून कोल. मिस्टर व्हिटफील्ड उंच, टोपी घातलेले, रागाने मान लाल. बाबा दारात गेले आणि मी पाहिलं की त्यांनी दोन्ही हात पोटापाशी घेतले होते, जसे पुण्यात घरमालकासमोर घ्यायचे.

"तुमच्या मेलबॉक्सने माझा ट्रक रंगवला," मिस्टर व्हिटफील्ड म्हणाले. "हे कोणी केलं?"

बाबा म्हणाले, "सर, आय अ‍ॅम शुअर, काहीतरी गैरसमज..."

"मी केलं," मी म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "तो डबा रस्त्यावर पोचत नाही. बॉक्सला जोरात मारल्याशिवाय तो फिरत नाही. ट्रक त्याच्याजवळ काय करत होता ते तुमच्या मुलाला विचारा."

मिस्टर व्हिटफील्ड सावकाश मुलाकडे वळले. काही विचारावं लागलं नाही, कोल बुटांकडे बघत होता. मग त्यांनी टोपी काढली. "सॉरी म्हण," ते मुलाला म्हणाले.

"सॉरी," कोल म्हणाला, मला नाही, पायरीला.

"मला सॉरी नको," मी म्हटलं. मी चप्पल घालून त्या सगळ्यांच्या मधून चालत रस्त्यापर्यंत गेले. मागे कोणी येतंय का ते बघितलं नाही, पण खडीवर पावलं ऐकू येत होती. मेलबॉक्सपाशी थांबून मी अक्षरांवर बोट ठेवलं. "वाच."

"काय?"

"खरवडताना वाचायला जमलं नव्हतं. मी झाडामागे होते. आता वाच."

तो पांढरा पडला. "गॅजबाय..."

"नाही. गजभिये. पुन्हा."

"गज... बिये."

"पुन्हा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचे वडील तिथेच, आणि त्यांनी त्याला सोडवलं नाही. बाबा माझ्या मागे येऊन हळूच मराठीत म्हणाले, "मितू, पुरे आता. जाऊ दे."

आई पदराला हात पुसत ड्राइव्हवेच्या मध्यावर उभी होती. ती म्हणाली, "वाचू द्या त्याला."

त्याने वाचलं. नीट येईपर्यंत वाचलं. मग ते दोघं निघून गेले, आणि उन्हाळाभर तो निळा ट्रक लोकांची कुंपणं बांधत आमच्या रस्त्यावरून जात राहिला. लोक म्हणतात सूड घेतल्यावर आत रिकामं वाटतं. मला वाटलं नाही. मी त्या रात्री सगळ्या खिडक्या उघड्या टाकून झोपले.

सकाळी बाबा ऑफिसला उशिरा गेले. गॅरेजमधला उरलेला रंग आणि बारीक ब्रश घेऊन ते मेलबॉक्सपाशी बसले होते आणि चिकटवलेल्या अक्षरांवरून, त्यांच्या दुपटीने मोठी, निळी अक्षरं काढत होते. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले. "मितू," त्यांनी तिथून ओरडून विचारलं, समोरचे घोडे बिचकले, "लांबून दिसतं का गं?"

तो खांब अजून तिथेच आहे. लाकूड एकदा बदललं, नळी तीच, वाकडी. सुट्टीत घरी गेले की मी बोटाने बॉक्स ढकलते आणि तो परत येईपर्यंत थांबते. मागच्या डब्यात आता नुसती खडी आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते.